कुलूप लावलेलं घर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुलांचं शिक्षण आणि मुलांचं कल्याण या विषयांतल्या संशोधनात मी काय केलं, ते सांगावं असं मला सुचवण्यात आलं. विषय ऐकून आमच्या घरी सगळे हसले. कारण मी नेमकं काय करते हे माझ्या मायला आजवर नीट कळलेलं नाही. बरीच वर्षं ती लोकांना सांगायची, की पोरगी शिरगणतीत आहे. पुढे तिच्या लक्षात आलं की शिरगणती दहा वर्षांतून एकदा होते आणि ही तर दर वर्षी हिंडते. मग ती म्हणू लागली, "ती पोरं मोजती." आता एवढ्या वर्षांनी मला वाटतं, याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही.

मी मूळची नरसी नामदेवची. हिंगोलीपासून जवळ, कयाधू नदीच्या काठचं हे गाव. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून आषाढी झाल्यावर परतवारीच्या एकादशीला इथे माणूस मावत नाही. पंजाबातून शीख भाविकही येतात, कारण नामदेवांची पदं त्यांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. नामदेव महाराज इथून निघाले ते पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. आमच्या घरची माणसंही दर वर्षी निघत, पण ती कोयता घेऊन, ऊस तोडायला. माझं बालपण आठवायचं म्हटलं की दसरा झाल्यावर भरली जाणारी ती गाडीच आधी आठवते. पीठ, भांडी, अंथरुणं, एक कोंबडी, आणि वर बसलेली माझी धाकटी बहीण.

मी आठ वर्षांची होते, ती पाच वर्षांची. मला गावी ठेवलं आणि तिला नेलं. यात हुशारीचा काही संबंध नव्हता. आजीला पाणी आणून द्यायला, चूल पेटवून द्यायला हाताशी कुणीतरी हवं होतं, आणि पाच वर्षांच्या पोरीचा आजीला उपयोग नव्हता. तिला सांभाळावंच लागलं असतं. म्हणून ती मायबरोबर फडात गेली. इतकाच हिशेब. मी शाळेत राहिले. तिचं नाव दर जूनमध्ये शाळेत असायचं, दिवाळीच्या आत ती गेलेली असायची, आणि पाडव्याच्या पुढेमागे परत यायची तेव्हा वर्ग संपत आलेला असायचा. अशी ती चौथीपर्यंत चढत गेली. चौथीत तिला स्वतःचं नाव ओळखता यायचं, कारण ते पाटीवर मी लिहून दिलं होतं. बाकी काही नाही. मग शाळा सुटली. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि नवरा-बायको मिळून एक कोयता झाला. ऊसतोडीत जोडप्याला एक कोयता म्हणतात, हे शहरातल्या श्रोत्यांना कदाचित माहीत नसेल.

मी दहावी झाले, बारावी झाले, पुढे विद्यापीठातून समाजकार्याची पदवी घेतली. १९९६ साली मला एका संस्थेत क्षेत्र-अन्वेषकाची नोकरी लागली. नाव भारदस्त, काम फॉर्म भरण्याचं. खेड्यात जायचं, घरोघरी प्रश्न विचारायचे. त्या फॉर्मात एक रकाना होता : मुलाचं नाव शाळेत दाखल आहे काय? हो किंवा नाही. मी गावोगाव 'हो' लिहीत गेले. समोर कडेवर भावंड घेतलेली पोरगी उभी असायची, महिना-दोन महिने शाळेत न गेलेली, आणि मी लिहायची 'हो'. कारण पटावर तिचं नाव होतंच. माझ्या बहिणीचंही होतं. मी वरिष्ठांना विचारलं, की हिला वाचता येतं का हे कुठे लिहायचं? ते म्हणाले, "विचारलंय तेवढंच लिहा." त्यांचंही चूक नव्हतं, त्यांना अहवाल वेळेत द्यायचा होता. पण मला त्या दिवशी या धंद्यातली पहिली गोष्ट कळली. तुम्ही जे विचारता तेच तुम्हाला सापडतं. पट विचारला की पट सापडतो.

त्याच काळात एका तांड्यावर एका बाईने मला दारातच अडवलं. म्हणाली, "मागल्या साली बी आले होते. लिहून नेलं. आमाला काय भेटलं?" मी काहीतरी उत्तर दिलं. सरकारला कळेल, योजना येईल, असं. तिने ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि प्रश्नांची उत्तरंही दिली. पण ते उत्तर माझं मलाच पटलं नव्हतं.

पुढे 'असर' आलं. २००५ सालापासून 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने ही पाहणी देशभरच्या ग्रामीण जिल्ह्यांत सुरू झाली. मी तिच्यात स्वयंसेवक म्हणून गेले आणि नंतर स्वयंसेवकांना शिकवायलाही लागले. असर म्हणजे परिणाम, आणि अहवालाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरंही तीच. तिच्यात मला सगळ्यात आवडला तो एक साधा कागद. त्याच्यावर काही अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा एक छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. बस. मुलाला आधी उतारा वाचायला द्यायचा. सहज वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळलं तर शब्द, शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. पाचांपैकी चार बरोबर आली की ती पातळी आली. गणितातही असंच, आकडे ओळखणं, हातच्याची वजाबाकी, मग भागाकार.

आणि हे सगळं शाळेत नाही, घरी. ओट्यावर, झाडाखाली, म्हशीच्या गोठ्याशी. कारण शाळेत गेलात तर हजर मुलंच भेटतात, आणि आम्हाला गैरहजर मूलही हवं असतं. म्हणून रविवारी घरोघर जायचं. जिल्ह्यातली तीस गावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली, प्रत्येक गावात वीस घरं. गावात गेल्यावर आधी हिंडून नकाशा काढायचा, गावाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यापासून डाव्या हाताने दर पाचवं घर घ्यायचं. पाटलाचा वाडा आला तर वाडा, पालं आली तर पालं. सरपंच म्हणतात, "अहो, या घरी चला, इथली पोरं हुशार आहेत." त्यांना हसून नाही म्हणायचं. अर्धं प्रशिक्षण या नाही म्हणण्याचंच असतं.

पाहणीतून निघालेली गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांची नावं शाळेत आहेत, आणि पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचं वाचता येत नाही. त्यावर खूप वाद झाले. शिक्षक रागावले, आणि त्यातला काही राग मला रास्त वाटतो. दोन वर्ग एका खोलीत, वर निवडणुकीची कामं, आणि जबाबदार कोण तर मास्तर. पण आकडा हटला नाही. २०१८ साली तो निम्म्याच्या आसपासच होता. करोनात शाळा बंद राहिल्यावर २०२२ साली वाचू शकणारी पाचवीतली मुलं ४३ टक्क्यांच्याही खाली आली, आणि २०२४ साली पुन्हा जवळपास ४९ टक्क्यांवर पोचली. म्हणजे घसरलेलं भरून निघत आलं. पण भरून निघून कुठे पोचलं, तर पुन्हा निम्म्यावर.

मोजून काय होतं, असं मला तरुण मुलंमुली विचारतात. त्यांना मी बालसखीची हकिगत सांगते. मुंबई आणि बडोद्यात महापालिकेच्या शाळांमध्ये, या शतकाच्या सुरुवातीला, मागे पडलेल्या मुलांना दिवसातून दोनेक तास वेगळं बसवून शिकवायला वस्तीतल्याच तरुण मुली नेमल्या होत्या. त्यांना बालसखी म्हणत. पण त्याने खरंच फरक पडतो का? अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. काही शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली, काहींना चौथीसाठी, आणि कुणाला काय हे चिठ्ठीवर ठरवलं. कोणतीच शाळा वंचित राहिली नाही, आणि तुलना करायला दोन्ही इयत्ता मिळाल्या. २००७ साली निष्कर्ष छापून आले. फरक पडला होता, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वांत जास्त पडला होता. २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आमच्या कार्यालयात आम्ही पेढे वाटले, जणू आमच्याच घरचं लग्न होतं. इयत्ता न बघता मुलाची पातळी बघून गट करायचे आणि तिथून शिकवायचं, ही रीत आता पुष्कळ ठिकाणी गेली आहे.

पण महाराष्ट्राला हे नवं नव्हतं, असं मी जरा अभिमानाने सांगते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघरमध्ये) बोर्डीला काम सुरू केलं. पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं चारायची असत. बाईंनी काय केलं? मुलं जिथे गुरं चारत तिथेच शाळा नेली. तिला नाव दिलं कुरणशाळा. लहान भावंडांना सांभाळायचं म्हणून मोठी बहीण येत नाही हे दिसलं, तर त्या भावंडांसाठी अंगणातच वाडी भरवली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. आधी बघायचं, मूल का येत नाही ते शोधायचं, आणि मग मुलाला नाही, शाळेला बदलायचं. संशोधन याहून वेगळं काय असतं?

आणि 'लिहून नेता, आमाला काय भेटलं' या प्रश्नाचं उत्तर मला गडचिरोलीत दिसलं. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने तिथे बालमृत्यू मोजले. पण नुसते मोजले नाहीत. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाचा श्वास मोजायचा, त्याला ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करायचा. शेजारच्या गावांशी तुलना केली, तर तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्या देशभर नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या. जी बाई मोजते तीच बाळाला हातात घेते. मला त्या बायकांचा हेवा वाटला. आमच्या हातात नुसता कागद.

आता ज्यासाठी मी आज बोलायला आले, ते सांगते.

आमच्या पाहणीचा एक नियम होता. घराला कुलूप असेल तर तशी नोंद करायची आणि पुढच्या घराकडे वळायचं. नियम व्यवहार्य आहे, त्याशिवाय पाहणी पुरी होणार नाही. पण पाहणी साधारण दसरा-दिवाळीच्या सुमाराची. आणि आमच्या भागात त्या दिवसांत कुलूप कुणाच्या घराला असतं? उचल घेऊन टोळीबरोबर गेलेल्यांच्या. म्हणजे जे मूल सर्वांत मागे राहणार, नेमकं तेच आमच्या कागदावर येत नव्हतं. चांगल्यात चांगली पाहणीसुद्धा माझ्या बहिणीला चुकवून पुढे जात होती. तेव्हापासून मी एक वेगळी वही ठेवायला लागले. तिच्यात फक्त कुलपं. कुठलं गाव, कितवं घर, आत किती मुलं असायला हवी होती, शेजारी काय सांगतात. जमेल तेव्हा जानेवारीत फडावर जाऊन त्या मुलांना गाठायचं आणि तोच कागद वाचायला द्यायचा. याचे पैसे कुणी देत नसे. सुट्ट्या खर्ची पडत.

२००८ साली चिठ्ठीत माझ्या बहिणीचं सासर आलं. गाव बदलून घ्यावं असं मनात आलं, पण माणूस कमी होतं. बहिणीची टोळी अजून निघाली नव्हती. आणि डाव्या हाताने मोजत गेलो तर पाचवं घर तिचंच. एका गावात आम्ही दोघं जण असायचो. मी जोडीदाराला म्हटलं, हे घर तू कर, मी बाजूला बसते.

भाची नऊ वर्षांची, चौथीत. तिने उतारा हातात घेतला आणि बघत राहिली. मग शब्द दिले. दोन आले. मग अक्षरं. ती आली. जोडीदाराने 'अक्षर' या रकान्यावर खूण केली. माझी बहीण चुलीपाशी बसून ऐकत होती. पोरीच्या तोंडून आवाज येतोय, मास्तरासारखं बोट फिरतंय, एवढंच तिला कळत होतं. ती कौतुकाने मला म्हणाली, "वाचायली की चांगली. नाही का गं अक्का?"

पाहणीच्या वेळी मुलाला शिकवायचं नाही, बरोबर-चूक सांगायचं नाही, असा नियम आहे. मी नियम पाळला. पुढची घरं केली, नकाशा पुरा केला, सरपंचांची सही घेतली. पण संध्याकाळी शेवटची जीप सोडून दिली आणि बहिणीच्या घरी परत गेले. तिला खरं ते सांगितलं. ती रागावली. माझ्यावरच रागावली. "तुला शिकायला ठेवलं अन् मला नेलं, अन् आता तूच येऊन माझ्या पोरीला नापास करायलीस," म्हणाली. तीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली होती. मी काय उत्तर देणार?

उचल आधीच घेतलेली. पोरगी फडावर नसेल तर दोन वर्षांच्या पोराला कोण बघणार, हा खरा प्रश्न. पोराला मोळ्यांच्या कडेला झोपवून दोघंही तोडायला लागले, तर तिथे ट्रॅक्टर फिरतात, पाचट पेटवतात. मुलगी शिकावी की पोरगं जिवंत राहावं, असा तो हिशेब होता, आणि बाहेरून येऊन त्यात उपदेश करणं सोपं असतं. अखेर माय मध्ये पडली. कमरेने साथ सोडल्यामुळे तिचं ऊसतोडीला जाणं बंद झालं होतं. ती म्हणाली, दोघंही माझ्याकडे टाका. साठीच्या घरातली बाई, दोन लेकरं, आणि मी पगारातून महिन्याला काही पाठवायचे, असं ठरलं. माझी नोकरी प्रकल्पावरची, अकरा महिन्यांच्या कराराची. त्यामुळे पाठवणंही दर महिन्याला जमलं नाही, हेही कबूल करते.

सरकारची हंगामी वसतिगृहं म्हणजे हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर. मुलाला गावातच ठेवायचं, आजी-आजोबांकडे झोपायचं, जेवण शाळेतून. त्याआधी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या होत्या. दोन्ही मी जवळून पाहिल्या. साखरशाळा चालवणारी माणसं जिवाला जीव देणारी होती, पण टोळी फड बदलते आणि मूल पुन्हा हरवतं. माझं मत वसतिगृहाच्या बाजूने आहे. अट एकच, पैसे दसऱ्याच्या आधी गावात पोचले पाहिजेत. ते दिवाळीनंतर पोचले तर मूल गाडीत बसून गेलेलं असतं. ही काही शिक्षणशास्त्रातली गहन गोष्ट नाही, तारखेची गोष्ट आहे. पण माझ्या वहीतल्या कित्येक कुलपांचं कारण ही तारीखच आहे.

भाची वाचायला शिकली. त्याला दोन हिवाळे लागले. ती बारावीपर्यंत गेली, इंग्रजीत एकदा अडकली, दुसऱ्यांदा सुटली. आता दोन मुलांची आई आहे आणि फडावर जात नाही. तिच्या भावाला मात्र आम्ही इतकं जपून ठेवलं, तरी शाळा मानवली नाही. नववीत त्याने दप्तर टाकलं. आज तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो आणि माझ्याहून जास्त कमावतो. त्याचं मला वाईट वाटावं की बरं, हे अजून ठरलेलं नाही. बहीण माझ्याशी बोलते, पण तो विषय आम्ही दोघी काढत नाही.

या कामात यायचं असेल त्यांना दोन शब्द. समाजकार्य, शिक्षणशास्त्र, संख्याशास्त्र, कशातूनही येता येतं. लांब कुठे जायला नको, तुळजापूरलाही टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. पण चालायची तयारी हवी, जमिनीवर बसता आलं पाहिजे, आणि हजेरीपट हातात दिला तरी वर्गातली डोकी मोजायची सवय हवी. पगाराचं विचारू नका.

गेल्या दसऱ्यानंतर मी बहिणीच्या गावी गेले होते. पाहणी नव्हती, सहज. तिच्या गल्लीतून चालताना बोटं आपोआप मोजायला लागली. पाच घरांना कुलपं होती. त्यातल्या एका दारावर खडूने कुणीतरी बाराखडी लिहायला घेतली होती. ती 'की'पर्यंत येऊन थांबलेली होती. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, पोरगी दुसरीत आहे, टोळी कर्नाटकात गेली. मी वहीत नोंद केली. कारखान्याचं नाव त्याला सांगता आलं नाही, मुकादमाचा नंबर तेवढा मिळाला.